बर्फाच्या कोठीतले रूळ

बुरोंडीच्या कोळीवाड्यात आवडाबाईशी ज्याचं कधी वाजलं नाही, असं घर शोधून सापडलं नसतं. माझी आई तिच्या ओट्यावर मासळी भरायला जायची, आणि आमच्याही घराशी तिचं वर्षभर बोलणं बंद होतं. त्या वर्षातही आई कामाला जात होतीच. आवडाबाई तोंडाने वाईट, पण कुणाची मेहनत बुडवणारी नव्हती. एवढं एक सोडलं तर तिच्याबद्दल वाडीत कुणी बरं बोलल्याचं मला आठवत नाही.

तिचा नवरा तापाने गेला तेव्हा ती तिशीतही नव्हती. धाकटा दीर रावजी मुंबईला गोदीत फिटरच्या हाताखाली होता. तो दिवसांना म्हणून आला आणि राहिलाच. बाराव्याला पानं उठली आणि त्याने सांगून टाकलं की होडी भावाची होती, ती आता त्याची. वयनीला दोन वेळचं जेवण मिळेल. आवडाबाई आतून बाहेर आली आणि जमलेल्या माणसांपुढे म्हणाली, "होडीची फळी न् फळी माझ्या पाट्या वाहून झालेली हाय. अर्धी माझी. नायतर मी ती माझ्या हातानं जाळीन, मग कुणाचीच नको." ती तसं करील हे सगळ्यांना माहीत होतं. जमातीने होडी दोघांत अर्धी-अर्धी केली. त्या दिवसापासून दीर-भावजय एका परड्यात राहून एकमेकांचं तोंड बघत नव्हती.

अशा दोघांनी मिळून धंदा काढावा, हे वाडीला नवल वाटलं. पण दोघांना दुसरा इलाज नव्हता. सन सव्वीस-सत्तावीसच्या सुमाराला मुंबईच्या एका दलालाने ताजं पापलेट आणि सुरमई बर्फात घालून मागायला सुरुवात केली. बर्फ तोच आगबोटीने धाडणार, तो दाभोळला उतरवून होडीने आणायचा, आणि आगबोटीचा दिवस येईपर्यंत जपून ठेवायचा. मासळी आणि मासळी निवडणाऱ्या बायका आवडाबाईच्या हातात होत्या. बर्फ कसा ठेवतात ते रावजीने मुंबईला पाहिलं होतं. एकट्याला कुणालाच ते जमणारं नव्हतं.

रावजीने बंदराच्या वरच्या अंगाला कोठी बांधली. काम वाईट नव्हतं, हे मी आधीच सांगतो, कारण पुढे लोक त्याला मूर्ख म्हणू लागले आणि तो मूर्ख नव्हता. जांभ्या चिऱ्याच्या दोन भिंती, एकीच्या आत दुसरी. मधल्या हातभर पोकळीत भाताचा तूस गच्च ठासलेला. वर माळा, माळ्यावरही तूस, त्यावर गवताचं छप्पर. दरवाजे एकामागे एक दोन. बर्फाचं पाणी निघून जावं म्हणून जमीन उंच केली होती. गोदीच्या मोडीतून पडावाने आणलेले आगगाडीचे जुने रूळ एका भिंतीतून दुसऱ्या भिंतीपर्यंत आडवे टाकले होते आणि त्यांवर फळ्या, मध्ये फटी ठेवून. रूळ लांब होते. ते न कापता त्याने पश्चिमेच्या दोन्ही भिंतींतून तसेच बाहेर काढले आणि बाहेरच्या टोकांवर मासळी भरायचा ओटा केला. एकाच लोखंडावर आतला बर्फ आणि बाहेरचा ओटा. ओट्याखालच्या मेढी वाचल्या, चिरा वाचला. या गोष्टीचा त्याला फार अभिमान होता. येईल-जाईल त्याला तो ओट्यावर उभं करून नाचायला सांगायचा, हलतो का बघा म्हणून.

कोठीची किल्ली गुणाजीकडे दिली. गुणाजी वाडीतलाच. त्याच्या पायात पाकट माशाचा काटा घुसून पाऊल कायमचं वाकडं झालं होतं, त्यामुळे हलत्या होडीत उभं राहून जाळं टाकणं त्याला जमेना. माणूस अबोल आणि जरा गर्वाचा. कुणी बोलवल्याशिवाय तो कुणाच्या दारात बसत नसे. गोणपाट झाकणं, बर्फाच्या लाद्या रचणं आणि ओला झालेला तूस काढून सुका टाकणं, हे त्याचं काम.

थंडीचे महिने नीट गेले. शिमगा झाला, ऊन चढलं, आणि बर्फ पुरेना. कोठी भरायची, आणि आगबोटीच्या दिवशी उघडावी तर मासळीवर घालायला चुरा उरायचा. एका खेपेला सगळी सुरमई मुंबईला पोहोचेपर्यंत नासली. दलालाने ती समुद्रात टाकून दिल्याचा निरोप धाडला आणि पुन्हा असं झालं तर दुसरं बंदर बघीन असंही कळवलं.

तेव्हापासून परड्यात सकाळ-संध्याकाळ भांडण. रावजी म्हणे, वयनी दिवसातून दहादा दार उघडते, बायकांना दार लावायची अक्कल नाही. आवडाबाई म्हणे, भावजींचे हर्णैचे दोस्त सोड्यात बर्फ घालून पितात, तो येतो कुठून? वाडीतली माणसं कुंपणाशी उभी राहून ऐकत. मग कुणीतरी तिसरंच नाव घेतलं. किल्ली कुणाकडे असते?

हे दोघांनाही पटलं. एरवी सूर्य उगवतो कुठे यावरही त्यांचं एकमत झालं नसतं, पण गुणाजीवर झालं. देवळापुढे बैठक बसली. रावजीने उठून सांगितलं की गुणाजीला पहाटे कोठीतून ओली गोण पाठीवर टाकून घरी जाताना आपण डोळ्यांनी पाहिलं आहे, पाणी गळत होतं.

गुणाजी म्हणाला, "तूस होता गोणीत. भिजलेला. बायनं टाकायला सांगितलेला, तो मी माझ्या दारातल्या चिखलात टाकला. इचारा तिला."

सगळ्यांनी आवडाबाईकडे पाहिलं. तिने सांगितलं होतं. एकदा नव्हे, अनेकदा सांगितलं होतं, ओट्यावरच्या बायकांच्या देखत. माझी आई तिथे बसली होती. तिनेही ऐकलं होतं, पण बैठकीत बायकांना कुणी विचारलं नाही, आणि आवडाबाईच्या विरुद्ध आपण होऊन तोंड उघडायची कुणाची छाती नव्हती. आवडाबाईच्या डोक्यात नासलेली सुरमई होती. ती म्हणाली, "मला काय आठवत नाय."

गुणाजीने देवापुढे हात ठेवून शपथ घेतली, ती कुणी मानली नाही. त्याने किल्ली पायरीवर ठेवली आणि तो लंगडत घरी गेला. नंतरचे दिवस त्याच्या बायकोला, सखूला, फार वाईट गेले. ती विहिरीवर आली की बायका आपापल्या घागरी उचलून बाजूला घेत. तिच्या पाटीतली मासळी कुणी घेईना. एका सकाळी दोघांनी सामान बांधलं आणि खाडीपलीकडे अंजनवेलला सखूच्या भावाकडे निघून गेली. तिच्या भावाची खाडीवर माणसं पलीकडे नेणारी तर होती. वल्हं बसून मारता येतं, तेव्हा गुणाजीला तिथे काम मिळालं.

आवडाबाईने किल्ली आपल्या कमरेला बांधली. नवा बर्फ आला. तिने स्वतः रचला, स्वतः झाकला, दिवसातून दोनदाच दार उघडलं. आणि बर्फ तसाच गेला.

आता चोर म्हणायला कुणी उरलं नव्हतं. वाडी हसायला लागली. आवडाबाई आता आपलाच बर्फ चोरते, असं तिच्या पाठीमागे म्हणत, आणि तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणत. तिने आठवडाभर कुणाशी भांडण केलं नाही, आणि तेच सगळ्यांना चमत्कारिक वाटलं.

चैत्रातल्या एका दुपारी ती कोठीत एकटी गेली. तळाच्या थोड्या लाद्या उरल्या होत्या. ओट्यावर माझी आई आणि आणखी दोघी होत्या. त्यांना आतून सरकवण्या-ढकलण्याचे आवाज येत होते. थोड्या वेळाने तिने आईला हाक मारली आणि एक लादी दोघींनी मिळून उलटी केली. वरून ती लादी सपाट होती. खालून तिला आरपार खोल चर पडला होता, कुणी तापलेली सळई ठेवून ओढावी तसा. दुसरी उलटली, तिलाही तसाच. चर सगळे एका ओळीत, आणि ओळ बरोबर रुळांवर. फटीतून बर्फ खाली बसून थेट लोखंडाला टेकलेला होता आणि तिथेच खाल्ला जात होता. भिंतीकडच्या लाद्यांचं तर नुसतं पाणी झालं होतं.

आवडाबाई बाहेर आली आणि ओट्याखाली वाकून तिने रुळाच्या टोकावर हात ठेवला. पश्चिमेचं ऊन दुपारपासून त्यावर होतं. हात तिने झटकन मागे घेतला.

आई सांगायची, ती तिथेच खाली बसली आणि म्हणाली, "चुलीत घातलेल्या उलथण्याचं दुसरं टोक आपल्या हाताला भाजतं, तेवढीच गोष्ट. आणि मी त्या माणसाला गावातनं घालवला."

रावजीला तिने परड्यात उभं करून सांगितलं. बाहेरचं ऊन लोखंडावर चालत आत येतंय. हातभर तूस भरलास आणि मधून वाट मोकळी ठेवलीस. रावजी पांढरा पडला, मग लाल झाला. त्याचं म्हणणं, एवढ्या मोठ्या भिंतीपुढे चार बोटं लोखंड काय करणार? रूळ काढले तर जमीन बसेल, ओटा पडेल. वयनीला त्याचं काम मोडायचं आहे आणि होडीच्या वाटणीचा राग काढायचा आहे. चोरीही झालीच होती, असंही त्याने वर जोडलं. त्याने गोण डोळ्यांनी पाहिली होती.

तो दापोलीला गेला त्या दिवशी आवडाबाईने त्याला न विचारता निम्म्या रुळांच्या टोकांवर तुसाची पोती आणि काथ्या आवळून बांधला. निम्मे उघडेच ठेवले. रावजीने परत येऊन ते पाहिलं आणि सगळ्यांच्या देखत विळ्याने कापून फेकलं. तिने पुन्हा बांधलं. त्याने पुन्हा फेकलं. तिसऱ्या वेळेला ती हातात कोयता घेऊन ओट्यावर बसली आणि नव्या खेपेचा बर्फ संपत येईपर्यंत रोज दिवसभर तिथेच बसली. मग तिने रावजीला दंडाला धरून आत ओढलं आणि लाद्या उलटून दाखवल्या. बांधलेल्या रुळांवरचे चर उथळ होते, उघड्या रुळांवरचे खोल.

रावजीने दोन्हीकडे बोटं घालून पाहिली. दारातून बघणाऱ्या आईला तो हरला असं वाटलं. पण त्याने आवडाबाईची चूकही तिथेच पकडली. पोतं बांधून चर गेलेला नव्हता, अर्धाच झाला होता. "टोक झाकलंत," तो म्हणाला, "पण रूळ बाहेरच्या भिंतीत रुतलेला हाय, आणि ती भिंत दिवसभर तापते. लोखंड तिच्याकडनं ऊन पितं. तुमच्या पोत्यांनी काय व्हायचं नाय. कापायला पाहिजे." जणू ती कल्पना पहिल्यापासून त्याचीच होती.

पावसाळ्यात कोठी रिकामी असते. त्या वेळात रावजीने लोहाराला बसवून रूळ आतल्या भिंतीच्याही आत कापले. पोकळीत आणि बाहेरच्या भिंतीत अडकलेले तुकडे उपटून काढले, भोकं चिऱ्याने आणि चुन्याने बुजवली, पोकळीत पुन्हा तूस ठासला. आत बर्फाखाली लोखंड ठेवलंच नाही. ऐनाचे वासे टाकले आणि तेही आतल्या भिंतीवरच टेकवले. बाहेरचा ओटा वेगळ्या चिऱ्याच्या खांबांवर, भिंतीपासून दोन बोटं सुटा. दरवाजाच्या दोन चौकटी एका लोखंडी पट्टीने जोडलेल्या होत्या. त्याने ती आपण होऊन काढली आणि लाकडाच्या खुंट्या मारल्या. या सगळ्या दिवसांत भावजयीशी तो एक शब्द बोलला नाही. तीही उलट्या दिशेला तोंड करून त्याला चुना कालवून देत होती.

नारळी पौर्णिमेनंतर बर्फ आला आणि टिकला. पुढच्या शिमग्यानंतरही टिकला. आगबोटीच्या दिवशी कोठीत लाद्या शिल्लक दिसू लागल्या.

रावजीच्या लेखी गोष्ट तिथे संपली. आवडाबाई मात्र एके सकाळी दाभोळपर्यंत चालत गेली आणि अंजनवेलच्या तरीत जाऊन बसली. वल्ह्यावर गुणाजी होता. उतारूला नको म्हणता येत नाही, म्हणून त्याने होडी लोटली. तरीत आणखी तिघे-चौघे होते. खाडीच्या मध्यावर आवडाबाईने रुळांचं सगळं सांगितलं. चरांचं, तापलेल्या टोकांचं, कापल्यानंतर टिकलेल्या बर्फाचं. किल्ली पुन्हा घे म्हणाली. गुणाजी वल्हं मारत राहिला. होडी वाळूला लागली तेव्हा त्याने तोंड उघडलं.

"बर्फ का वितळला ते तू आता शोधलंस," तो म्हणाला. "गोणीत तूस होता हे तुला तवाच ठाव होतं. ते शोधायला लागत नव्हतं."

ती उतरायला उठली.

"जिथं म्हणालीस आठवत नाय, तिथं जाऊन सांग. मला इथं पाण्यात सांगून काय उपेग?"

इतर उतारूंना त्याने हात देऊन उतरवलं. तिला दिला नाही. ती घोटाभर चिखलात उतरली आणि दुसऱ्या तरीने परत आली.

घरी येऊन तिने रावजीला सांगितलं की येत्या बैठकीत ती बोलणार आहे. तो संतापला. घराची अब्रू जाईल, जमात दंड करील, आणि गोण पाहिल्याची साक्ष आपण दिली होती, आपण खोटे ठरू. आवडाबाई म्हणाली, तू खोटा नाहीस, तू गोण पाहिलीस, खोटी मी. तरीही त्याने तिला दारात अडवलं. तिने त्याला ढकललं तसा तो उंबऱ्यावर पडला, आणि त्या पडण्याचं दुखणं तो पुढे वर्षानुवर्षं सांगत असे.

देवळापुढे ती उभी राहिली. पदर खोचलेला, चेहरा नेहमीसारखाच भांडायला आल्यासारखा. माफी मागायला आलेल्या बाईसारखं तिच्यात काही नव्हतं. ती म्हणाली, "गुणाजीच्या गोणीत तूस होता. मीच सांगितलेलं टाकायला. त्या दिवशी मला आठवत होतं. मी आठवत नाय म्हणाले, ते खोटं. त्यानं बर्फ चोरला नाय, कुणीच चोरला नाय. दंड काय तो घाला. आणि ज्या बायांनी सखूपासनं घागरी उचलल्या, त्यांनी आपापलं बघून घ्यावं, मी सगळ्यांची नावं घेत बसत नाय."

शेवटच्या वाक्याने अर्धी वाडी पुन्हा तिच्या विरुद्ध गेली. खरं सांगून वर आपल्यालाच बोलते, असं म्हणत बायका उठल्या. माझ्या आईनेही तेव्हा विहिरीवर घागर उचललेली होती. ती जागेवरून उठली नाही. जमातीने आवडाबाईला दंड घातला, तिने तो भरला, आणि गुणाजीवरचा ठपका पुसला गेल्याचं पंचांनी तीनदा ओरडून सांगितलं.

ही बातमी अंजनवेलला त्याच दिवशी पोहोचली. सखू पुढल्या वर्षी भावकीतल्या एका लग्नाला बुरोंडीत आली आणि विहिरीवर जाऊन पाणी भरून आली. कुणी घागर उचलली नाही. गुणाजी आला नाही. आवडाबाईने त्याला पुन्हा बोलावलं नाही, आणि कुणी त्याचा विषय काढला की ती म्हणायची, "तो येत नाय ते बराबर करतो." आपल्याविरुद्ध गेलेल्या माणसाबद्दल एवढं चांगलं तिने दुसऱ्या कुणाबद्दल म्हटलेलं मला माहीत नाही.

सदतीस-अडतीसच्या सुमाराला मुंबईच्या लाँची बर्फ घेऊन थेट बंदरात येऊ लागल्या, मासळी जागेवरच घेऊन जाऊ लागल्या, आणि कोठीची गरज संपली. रिकामी कोठी कुणाची, यावरून दीर-भावजय पुन्हा जमातीपुढे गेली. पंच कंटाळले होते. त्यांनी मधोमध भिंत घालायला सांगितली. आवडाबाईने आपल्या भागात सुके बोंबील ठेवले, रावजीने जाळी. दरवाजा तिच्या बाजूला गेला म्हणून त्याला भिंत फोडून नवा करावा लागला. फोडताना पोकळीतला तूस ओट्यावर सांडला तो कुणी झाडायचा, यावरून दोघं संध्याकाळपर्यंत भांडत होती.